न उचललेली भिशी

भिशी पुरुषांना कळत नाही, असं आमच्या घरातलं ठाम मत आहे. मला एवढंच कळायचं की महिन्यातून एका दुपारी दहा बायका आमच्या सोप्यात जमतात, त्या दिवशी मला स्वयंपाकघरात उभ्याउभ्या जेवण उरकावं लागतं आणि त्या गेल्या की डब्यात थोडे आप्पे उरलेले असतात. प्रत्येकीनं ठरलेली रक्कम टाकायची, चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिनं सगळी रक्कम उचलायची. आणि जिची भिशी तिचं खाणं. दहा महिन्यांत सगळ्यांची पाळी झाली की पुन्हा पहिल्यापासून. बँकेत ज्याच्यासाठी जामीनदारांच्या पाया पडावं लागतं, ते इथं चहाच्या कपाबरोबर मिळायचं.

माझी बायको उज्ज्वला या भिशीची चालक. मी अरविंद बुगड, इचलकरंजीत सहा माग चालवणारा मजुरीचा विणकर. सूत व्यापाऱ्याचं, माग माझे, मीटरमागे मजुरी. आमच्या भिंतीला भिंत लागून सुवर्णा हावळची शेड. नवरा गेल्यावर सगळ्या भावकीनं तिला माग विकायला सांगितलं होतं. तिनं विकले नाहीत, वर चाराचे आठ केले. ते जादा चार भिशीच्या दोन पाळ्यांतून आले. दोन्ही वेळेला नाव दुसरीचं निघालं होतं, आणि त्या बाईनं "तुझी नड मोठी, तू उचल" म्हणून पाळी सोडली होती. उज्ज्वला आणि सुवर्णा एकाच वर्गात शिकल्या, एकाच गल्लीत सुना म्हणून आल्या. दिवसातून एकदा तरी भिंतीवरून भांडायच्या. मागांच्या खडखडाटात बोलायची सवय असल्यानं दोघींचं गुपितसुद्धा सगळ्या गल्लीला ऐकू जायचं.

मग महागाईची ती वर्षं आली. ज्यांनी ती बघितली त्यांना सांगायला नको. माझ्या वडिलांनी आयुष्यभर साठवलेल्या ठेवीत शेवटी एक गॅसचं सिलिंडर आलं. भिशीतल्या लतावैनी उरणे, त्यांचे मिस्टर हायस्कुलातून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या पेन्शनीत महिन्याचा किराणा बसेना, म्हणून वैनींनी बांगड्या विकल्या, मग एक पाटली, आणि एका सोमवारी त्या काळी पोत घालून भिशीला आल्या.

त्याच सुमारास उज्ज्वलाचा धाकटा भाऊ हेमंत पुण्याहून आला आणि खिशातून त्यानं ज्वारीच्या दाण्याएवढा एक चकाकता खडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. हेमंत एका प्रयोगशाळेत स्फटिक वाढवण्याचं काम करायचा.

"दाजी, हा कृत्रिम हिऱ्याचा भाऊ समजा," तो म्हणाला. "वाढताना याच्या पोटात कोट्यवधी बारीक दोष बसतात. कुठं बसायचं हे आम्हीसुद्धा ठरवू शकत नाही. आता बघा."

त्यानं खडा एका चिमट्यासारख्या यंत्रात धरला, यंत्र फोनला लावलं. खड्यातून प्रकाशाची तिरीप गेली आणि पडद्यावर ठिपक्यांची रांगोळी उमटली. प्रत्येक खड्याची रांगोळी वेगळी. ती जगभरच्या नोंदीत असते, त्यामुळे खरा खडा कुठला ते क्षणात कळतं, आणि तशी दुसरी करणं कुणाच्या बापाला शक्य नाही. खडे बनवणाऱ्या भट्ट्या सगळ्या देशांसमोर कायमच्या बंद केल्या होत्या. जेवढे झाले तेवढेच.

"एक गोम आहे," हेमंत म्हणाला. "रांगोळी वाचायला जो प्रकाश लागतो, त्यानं दर वेळी थोडे दोष विझतात. म्हणजे जितक्या वेळा खडा हातोहात जाईल आणि तपासला जाईल, तितकी रांगोळी फिकट होते. शेवटी खडा मरतो. नुसती काच."

"म्हणजे खर्च केला की झिजतो, आणि ठेवला की तसाच राहतो?"

"नुसता राहत नाही, दाजी. जगातले खडे कमी होत जातात, म्हणून उरलेल्याची किंमत वाढते. तुमच्या वडिलांची ठेव कुणी खाल्ली? नोटा छापणाऱ्यांनी. हा कुणाला छापता येत नाही."

"आणि सगळेच ठेवून बसले तर?" मी विचारलं. मला अर्थशास्त्र कळत होतं म्हणून नव्हे. मागावर सूत एका बाजूला अडलं की धोटा थांबतो, एवढं मला माहीत होतं.

हेमंत हसला. "लोकांना जेवायला तर लागेलच ना? नको त्या वस्तू घेणार नाहीत, उगाच उधळपट्टी नाही. वाईट काय त्यात?"

त्याचं सगळं चुकलं होतं असं मी आजही म्हणणार नाही. खड्याला शिव्या घालणं सोपं आहे. पण लतावैनींनी शेवटची पाटली विकून जे चार बारीक खडे घेतले, त्यांच्यावर त्यांचं घर उभं राहिलं. वर्षभरात त्या पुन्हा पहिल्यासारख्या मोठ्यानं बोलायला लागल्या. म्हातारी माणसं सुखानं झोपायला लागली. रुपया वीजबिलापुरता उरला. मजुरी, सूत, भाजी, सगळं खड्यांत. बाजरीच्या दाण्याएवढ्या खड्याला लोक कणी म्हणायचे आणि मोठ्याला नुसतं खडा. भाव दर महिन्याला उतरत होते. बायका मंडईतून येताना हसत यायच्या, हे मी कित्येक वर्षांनी बघत होतो.

भिशीही कण्यांची झाली, आणि तिथं काहीतरी उलटं घडायला लागलं. पूर्वी चिठ्ठी काढताना प्रत्येकीला वाटायचं, आपलं नाव निघावं. आता नाव निघालं की बाईचा चेहरा उतरायचा. कारण साधं होतं. पहिल्या महिन्यात उचलणारीला दहा कण्या मिळायच्या, पण पुढचे नऊ महिने दर महिन्याला जी एक कणी भरायची ती आदल्या महिन्यापेक्षा महाग असायची. जी शेवटी उचलेल ती फायद्यात, जिला आधी नड ती खड्ड्यात. मग ज्या बाईचं नाव निघायचं ती म्हणायची, "मला नगो गं, पुढं ढकला." पुढचीही तेच म्हणायची. उचलणारी नाही म्हणून खाणं नाही. आप्पे बंद झाले, मग नुसता चहा राहिला. मी तक्रार केली तर उज्ज्वला म्हणाली, "तुमाला भिशी म्हंजे आप्पे."

शेवटी त्यांनी अशी एक युक्ती काढली जी भिशी लावणाऱ्या बायकांनाच सुचावी. बारीक कण्या लवकर मरतात, मोठा खडा पुष्कळ वर्षं टिकतो. म्हणून दहाजणींनी साठलेल्या सगळ्या कण्या देऊन मिळून एकच मोठा खडा घेतला, तुरीच्या डाळीएवढा. तो कापता येत नाही, कापला की रांगोळी मोडते. विकायचा तर अख्खा. नियम उज्ज्वलानं केला. दहाही जणींचा अंगठा उमटल्याशिवाय खडा विकला जाणार नाही, अशी नोंद करायची. चोरापासून राखण आणि नवऱ्यांपासूनही. सगळ्यांनी तिच्या हुशारीचं कौतुक केलं. पाळ्यांची चिठ्ठी मात्र वर्षातून एकदा रीत म्हणून काढायची आणि हसून पुढं ढकलायची, असं ठरलं. खडा आमच्या कपाटात राहिला.

कापडाचं काय झालं ते आता सांगतो. माणसाला सदरा लागतोच, पण आजच लागतो असं नाही. पुढच्या वर्षी तोच सदरा कमी कण्यांत येणार असेल तर जुन्याला एक टाका घालून वर्ष निघतं. एकट्यानं असं केलं तर त्याला काटकसर म्हणतात. सगळ्या मुलखानं केलं तेव्हा पहिल्यांदा दुकानदारानं मागणी कमी केली, मग व्यापाऱ्यानं, मग मजुरी उतरली. मजुरी उतरलेल्या माणसानंही सदरा घेतला नाही. माझे सहा माग दोन पाळ्यांवरून एका पाळीवर आले, मग तीनच माग चालायला लागले. गल्लीतला खडखडाट इतका विरळ झाला की बायकांना हळू बोलायला शिकावं लागलं.

आणि तरी आम्ही गरीब होत नव्हतो, ही गंमत होती. कपाटातला खडा फुगत होता. उज्ज्वला महिन्याला त्याचा भाव बघायची आणि मला सांगायची. काम कमी, कमाई कमी, पण साठलेलं वाढतंय. मला कधीकधी वाटायचं की आमच्या वाट्याची मजुरीच त्या कपाटात जाऊन बसत असेल.

एका उन्हाळ्यात सुवर्णा धावत आली. तिच्या हातात जाळीदार पांढऱ्या कापडाचा तुकडा होता, जखमेवर बांधतात तसल्या पट्टीचा.

"उज्जू, हे बघ. हैदराबादची कंपनी. तीन वर्षांची ऑर्डर देत्यात." आमच्याकडे बायकाही 'येतो, करतो' असंच बोलतात, तर ती पुढं म्हणाली, "जखमेला काय पुढच्या वर्षापर्यंत थांब म्हणता येत न्हाई. हे कापड खपणारच. पर ह्याला माझे माग चालायचे न्हाईत, नवीन चार लागत्यात. खडा विकू, मी माझी भिशी उचलतो."

त्या वर्षाची चिठ्ठी खरोखर तिच्या नावाची निघाली होती.

"आन् भाऊजी," ती माझ्याकडे वळली, "धुवायला, गुंडाळायला, कांड्या भरायला माणसं लागणार. वरच्या वेष्टनाचं साधं कापड तुमच्या मागांवर दोन पाळ्या लावतो. गल्ली चालू करतो बघा परत."

तिला इतकं आनंदात मी तिचा नवरा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. मीही मनात माग पुसायला घेतले होते.

पुढच्या रविवारी दहाजणी जमल्या. मी आतल्या खोलीत होतो, पण आमच्या घरात आतली खोली ही नावापुरतीच आहे.

"माग किती कण्यांना पडतो आज?" लतावैनींनी विचारलं. सुवर्णानं सांगितलं.

"मग दिवाळीपर्यंत थांब की. तवर अजून सस्त मिळंल."

"माग थांबंल ओ वैनी. ऑर्डर न्हाई थांबायची."

"दुसरी येईल."

"कुठनं येईल? बघताय न्हवं गल्ली."

मग उज्ज्वलाचा आवाज आला. "आपण भिशी कशाला लावली हुती? उचलायलाच न्हवं? माझा अंगठा आजच घ्या."

आणखी तिघींनी दिला. बाकीच्या लतावैनींकडं बघत राहिल्या असणार, कारण त्याच पुन्हा बोलल्या आणि त्यांचा आवाज पहिल्यासारखा मोठा नव्हता.

"सुवर्णा, तुझं वाईट व्हावं असं माझ्या मनात सुदीक न्हाई. पर माझं दुधानं तोंड पोळलंय. अंगावरचं सोनं उतरवून मी पीठ आणलंय. हा खडा हाय तवर मला झोप लागती. आज विकला आन् वर्षानं दुप्पट झाला, तर उज्ज्वला, तू देशील का भरून?"

उज्ज्वला भरून देणार तरी कुठून? वैनी खोटं बोलत नव्हत्या. खडा वर्षानं खरंच दुप्पट होणार होता.

सुवर्णानं आपला कापडाचा तुकडा घडी घालून पिशवीत ठेवला, राहिलेला चहा संपवला, आणि लतावैनींना विचारलं की त्यांचा गुडघा आता कसा आहे.

उज्ज्वलानं हेमंतला फोन केला. नोंद बदलता येते का, खडा कापून निम्मा जिवंत राहील का, असं ती विचारत राहिली. हेमंत पलीकडून हळू आवाजात नाही म्हणत होता. शेवटी म्हणाला, "ताई, तिला खडे उसने घ्यायला सांग." देणारे होते बाजारात. पण सुवर्णा हिशेबाला कच्ची नव्हती. कापडाचा भाव दर वर्षी उतरणार आणि घेतलेला खडा दर वर्षी महागणार. ती म्हणाली, "दिवसभर विणायचं आन् सांजच्याला आदल्या दिवसापेक्षा जास्त देणं. असलं कर्ज सावकारानं पण दिलं नव्हतं कधी."

तिनं लतावैनींकडं पुन्हा जाऊन विनवण्या केल्या नाहीत. पूर्वी दोनदा न मागता बायकांनी तिला पाळी दिली होती. मागून घ्यायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती, आणि बहुतेक ते तिला जमतही नसावं. ऑर्डर तमिळनाडूत कुठंतरी गेली.

पावसाळा संपल्यावर तिनं आठही माग भंगारात काढले. मोडायला माणसं आली तेव्हा मी तिच्या शेडच्या दारात उभा होतो. मागांचे बिडाचे सांगाडे घणानं फोडतात. त्या आवाजाला ताल नसतो. सुवर्णा माझ्याजवळ येऊन म्हणाली, "भाऊजी, तुमी घरात जावा. तुमाला बघवायचं न्हाई." मी घरात आलो आणि पलंगावर बसून रडलो. मोठ्या माणसानं रडावं असं काय झालं होतं, ते तेव्हा कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. कुणी मेलं नव्हतं. गल्लीतल्या प्रत्येक कपाटात आदल्या वर्षीपेक्षा जास्त धन होतं.

सुवर्णा कामासाठी चाकणला निघाली, त्या दिवशी उज्ज्वला आमच्या घरातल्या सुट्या कण्या रुमालात बांधून घेऊन गेली. सुवर्णानं रुमाल परत तिच्या मुठीत ठेवला. "तुला लागतील," एवढंच म्हणाली. रिक्षा वळेपर्यंत दोघी एकमेकींना काहीतरी ओरडून सांगत होत्या. गल्लीत त्या वेळी एकही माग चालू नव्हता, तरी सवयीनं ओरडत होत्या.

त्यानंतर भिशी जमली नाही. मीही माग बंद केले. आमची मुलगी बंगळूरहून थोडंफार पाठवत राहिली, त्यात आमचं भागत होतं. काही वर्षांनी लतावैनी स्वतःच आमच्या दारात आल्या. त्यांच्या मुलाचं कापडदुकान कधीच बंद झालं होतं, तो बायकामुलांना घेऊन परगावी निघाला होता. "उज्ज्वला, काढू या गं आता," त्या म्हणाल्या. आता कुणाचीच ना नव्हती, कारण आता सगळ्यांनाच नड होती. सुवर्णानं तिकडूनच अंगठा पाठवला. खडा इतक्याला गेला की दलालानं आम्हाला उठून नमस्कार केला.

सुवर्णाचा वाटा द्यायला आम्ही दोघं चाकणला गेलो. एका गोदामात खोकी बांधायचं काम ती करत होती. गोदामाच्या मागच्या चाळीत एक खोली होती. केस बरेच पिकले होते. तिनं आम्हाला बसवलं, गल्लीतल्या एकेकाची चौकशी केली, कोण कुठं गेलं ते ऐकून घेतलं. मग उज्ज्वलानं तिच्या वाट्याला आलेला लहान खडा, कापसात गुंडाळलेला, तिच्या हातात दिला. यंत्रही बरोबर आणलं होतं.

"बघून घे," उज्ज्वला म्हणाली.

"नगो. वाचला की झिजतो."

तिनं कापूस न उलगडता तो तसाच फळीवरच्या एका डब्यात ठेवला आणि झाकण घट्ट लावलं.

माझ्यानं राहवेना. "सुवर्णा, यात आता चार कशाला, चाळीस माग येतील. शेडी फुकट पडल्यात. तू परत आलीस तर मी आहे, अजून हात चालतात माझे."

ती माझ्याकडं वळली. वाटलं, आता ती मजुरीचा भाव विचारेल, सूत कुठून आणायचं ते विचारेल, कुणाकुणाला परत बोलवायचं त्यावरून उज्ज्वलाशी भांडेल.

"आन् कापड घेणार कोण, भाऊजी?" ती म्हणाली. मग समजूत काढावी तशा आवाजात, "राहू दे तसाच. पुढच्या वर्षी अजून वाढंल की."

परत येताना उज्ज्वला बसमध्ये खिडकीशी बसली. साताऱ्याच्या पुढं आल्यावर म्हणाली, "दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं ओ."

मी मांडीवरची पिशवी नीट केली.

"तिनं मला एकदा पण विचारलं न्हाई, तवा का न्हाई दिलंत म्हणून," ती म्हणाली. "तिला आता वैनींचं म्हणणं पटलंय." आणि पदर तोंडाला लावून ती कराड येईपर्यंत रडत राहिली.